रेकॉर्डचं बटण

बाबा, तुमची म्हातारी मी काल भंगारात दिली. म्हातारी म्हणजे तुमचा तो काचेच्या वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, दोन माणसांनी धरून उचलायचा. भंगारवाल्याने तिला काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, इसमें तो लोहाच लोहा है." मला फार बरं वाटलं. तुम्ही तिच्याशी जेवढं बोलत होतात तेवढं आईशीही कधी बोलला नाहीत. सभेच्या गावी पोचलो की आधी तिला फडक्याने पुसायचं, चालू करायचं आणि घाई करणाऱ्या पुढाऱ्याला सांगायचं, "म्हातारीले गरम होऊ द्या साहेब, मंग बोलते ते." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. तिचे वॉल्व्ह कधीच थंड झाले, माझा राग झाला नाही.

नंदनवनातल्या आपल्या दुकानावर पाटी होती, झेंडा नव्हता. सकाळी एकाची सभा, संध्याकाळी त्याच्या सात पिढ्या उद्धारणाऱ्याची, आणि दोघांसाठी तेच दोन भोंगे. मी कॉलेजात जाऊन चार पुस्तकं वाचली आणि मला या धंद्याची लाज वाटू लागली. "माईकवाल्याले पक्ष नसते वं," तुम्ही म्हणायचात. "लाइटच्या खांबाले असते का?" मी विचारलं होतं, "बाबा, तुमी ऐकता तरी का, ते काय बोलून राहिले ते?" तुम्ही अगदी खरं उत्तर दिलंत, "ऐकतो ना. शिट्टी मारते का, घरघर करते का, तेच ऐकतो." आपल्या माणसांना हजारो वर्षं कोणी बोलू दिलं नाही. आता बोलायची वेळ आली, तर माझा बाप आवाजातली घरघर ऐकत बसला होता. हे मी तुम्हाला तोंडावर सांगितलं तेव्हा तुम्ही वायर गुंडाळत होतात आणि गुंडाळतच राहिलात.

म्हातारीला आवाजाची दोन बटणं होती. डावं माईकचं, उजवं रेकॉर्डचं. भाषणं सुरू व्हायच्या आधी रेकॉर्ड वाजायची. स्टँडसमोर कोणी उभं राहून माईकवर टिचकी मारली की तुमचा एक हात रेकॉर्ड खाली घ्यायचा आणि दुसरा माईक वर. बघायची गरज नसायची. कुहीच्या एका लग्नात तोंडात बुंदीचा लाडू, आचाऱ्याशी गप्पा आणि पाठ मांडवाकडे, तरी टिचकी ऐकू येताच तुमचे हात बटणांवर गेले. "हात आपोआप जाते," तुम्ही अभिमानाने म्हणालात. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. मलाही अभिमानच वाटला होता.

आणि हेही लिहिते, कारण ते खोटं नाही. बोलायला मला तुम्ही शिकवलंत. विहारासमोरच्या मैदानात मला एका टोकाला उभी करायचात आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जायचात. माईक नाही, काही नाही. "पोटातून काढ. गळा नको ताणू. माईकचा काय भरोसा, लाइट गेली का संपलं. मले ऐकू आलं की मी हात वर करीन." तुमचा हात वर गेल्याशिवाय मला घरी जाता येत नसे. आठवड्याभरात तो पहिल्या वाक्याला वर जाऊ लागला. पुढे माईकची चाचणी घेतानाही आपल्यात तीच खूण राहिली. हात वर, म्हणजे आवाज आहे, बोल.

मी प्राध्यापक झाले, सभांना बोलावणी येऊ लागली, आणि स्टँडच्या माईकचा मला वीट आला. स्टेजवर पुरुष खुर्च्यांत बसलेले, बायका खाली सतरंजीवर, आणि मी वायरीने पुरुषांच्या बाजूला बांधलेली. मला खाली उतरून बायकांमध्ये फिरत बोलायचं होतं. माझ्या एका विद्यार्थिनीच्या भावाने आखातातून बिनवायरचा माईक आणि त्याचा आवाज पकडणारा रेडिओ आणला होता. तो मी दुकानात ठेवला. तुम्ही माईक उलटासुलटा करून पाहिलात. "खेळणं आणलं का वं?"

"म्हातारीले जोडून द्या."

"काहून? वायर असली म्हणजे माणूस ठिकाणावर राहते."

"मले नाहीच राहायचं ठिकाणावर."

"ते तर तुया मायले पहिल्या दिवशीच समजलं होतं," तुम्ही म्हणालात आणि कामाला लागलात. दोन रविवार गेले. म्हातारीला आवाज घ्यायला दोनच भोकं. माईकच्या भोकात स्टँडचा माईक हवाच होता, अध्यक्षांसाठी. म्हणून रेडिओची वायर तुम्ही रेकॉर्डच्या भोकात जोडलीत आणि हसलात, "आजपासून तू रेकॉर्ड." मग मैदानात गेलो. मी माईक घेऊन टोकापर्यंत चालत गेले, बोलले, दुकानाबाहेरचा भोंगा बोलला आणि तुमचा हात वर गेला. "पूरा रस्ता खाली हाय," तुम्ही ओरडलात. "नागपुरात रेडिओच्या या पट्टीवर तुयाशिवाय कोणीच नाही बोलून राहिलं!" तुम्हाला माझ्या एखाद्या गोष्टीचा एवढा आनंद झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

मग कामठी. यंत्रमागांवर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांचा मेळावा, शाळेचं मैदान. त्यातल्या एकीची दोन बोटं मागाच्या पट्ट्यात गेली होती. मालक म्हणत होता, ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती. तोच मालक त्या दिवशी अध्यक्ष. हे आपल्याकडेच होऊ शकतं. सभेआधी ती बाई माझ्याकडे आली. हाताला पदर गुंडाळलेला. म्हणाली, "ताई, बाकी काही बोला नका बोलू. पण त्याचं नाव घ्या. भोंग्यातून घ्या. साऱ्या कामठीनं ऐकलं पाह्यजे मी कोणाच्या मागावर होती ते." मी तिला शब्द दिला.

मी खाली उतरले. बायका सरकून वाट देत होत्या, हसत होत्या, एक आजी माझ्या हातातल्या माईकला शेपूट कुठे आहे ते शोधत होती. मी बोटांबद्दल बोलले. बोटं मोजणारा आणि माणूस न मोजणारा कोण, असं विचारलं. भोंगे दणाणत होते. "त्याचं नाव," मी म्हणाले, आणि स्टेजवर मालक उठला, स्टँडपाशी आला आणि माईकवर टिचकी मारली.

तुमचा हात गेला. रेकॉर्ड खाली, माईक वर. मैदानाच्या मधोमध मी हातात एक मुकी नळी धरून उभी. "ताईंनी फार छान विचार मांडले," भोंग्यातून मालक बोलला. "आता चहा घेऊ या." बायका उठल्या.

ती बाई गर्दीतून माझ्याकडे आली. "ताई, घेतलं का नाव? मले ऐकू नाही आलं."

"घेतलं," मी म्हणाले. "माझ्या बापानं आवाज बंद केला." तुम्ही तोवर वायर गुंडाळत तिथवर आला होतात. तिने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "हो बाई. माझा हात गेला." मग ती आम्हा दोघांकडे पाठ फिरवून चहाच्या रांगेत गेली.

ही गोष्ट मी पुढे कितीतरी सभांमध्ये सांगितली. सत्तेला कोणी हुकूम द्यावा लागत नाही, ती आपल्याच माणसांच्या सवयीत बसलेली असते, खुर्चीवाल्याने टिचकी मारली की आपल्या बापाचाही हात आपोआप जातो. टाळ्या पडत. आजही मी त्यातला एक शब्द मागे घेत नाही. तीस वर्षांची सवय होती म्हणून तुम्ही निर्दोष ठरत नाही. ज्याच्यासमोर स्टँड त्याचा आवाज वर, हे तुम्ही तुमच्या हातांना शिकवलं होतंत. मी बिनवायरची झाले तरी बटण तुमच्याच हाताखाली होतं. त्याचा राग मी मरेपर्यंत ठेवणार आहे. आणि त्याहून मोठा राग याचा की दुसऱ्या दिवशी मी दुकानात येऊन वाटेल ते बोलले, तुम्ही विकले गेलात म्हणाले, आणि तुम्ही मान खाली घालून वायरीला कथलाचा डाग देत राहिलात. एक वाक्य बोलायचं होतं. ते तुम्ही त्या दिवशी बोलला नाहीत आणि मरेपर्यंत बोलला नाहीत. का? मला वाचवायला? मी तुम्हाला तसं करायला सांगितलं होतं का?

हे पत्र मी कुठल्या सभेत वाचणार नाही. दहा-बारा वर्षांची असताना बिनमाईकचं मैदान ओलांडणारी माझी पोटातली हाक त्या दिवशी कुठे होती, ते मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी आवाज बंद होता, हे उत्तर पुरेसं नव्हतं. कारण तो क्षणभरच बंद होता. मालक स्टँडवर बोलत होता आणि तुम्ही मैदानापलीकडून माझ्याकडे बघत होतात. रेकॉर्डचं बटण तुम्ही लगेच पुन्हा वर घेतलं होतंत. माझ्या हातातल्या माईकमधून माझाच श्वास भोंग्यात घरघरत होता, तो मी ऐकला. मग मी माईक खाली केला.

बाबा, तुमचा हात वर होता. मला दिसला होता.