बटणांच्या डब्यातला काळा तुकडा

दुकान,
४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि आईचे कान तुला माहीत आहेत. मी आत कात्री खाली ठेवली तरी ती बाहेरून कुठली ते सांगते. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव.

आईच्या उजव्या हातातून सुई सुटते, म्हणून डोक्याचा स्कॅन काढला, एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं. डाव्या बाजूला एक गाठ आहे. आठ वर्षांपूर्वी आई जिन्यावरून पडली होती, तेव्हाच्या स्कॅनची डिस्क आपल्याकडे आहे. गाठ तेव्हाही एवढीच असेल तर तिला हात लावायचा नाही. वाढली असेल तर ऑपरेशन, आणि त्यात उजवा हात कायमचा लुळा पडू शकतो. दवाखान्यातलं जुनं सगळं केव्हाच पुसून टाकलंय आणि आपली डिस्क त्यांच्या नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. एखाद्या जुन्यावर उघडून दाखवा, म्हणाले. वीस तारखेला बोलावलंय.

जुना म्हणजे तुझा कॉलेजातला, दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाखाली झाकलेला. तो सुरू झाला, पण डिस्कचा ड्राइव्ह कामातून गेलेला. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने कुठल्या तरी फळीमागून त्याच जातीचा एक कोरा ड्राइव्ह शोधून दिला. मी तो स्वतः बसवला. जुना जसा होता तसाच, रुंद पट्ट्याची वायर, चार स्क्रू, सगळं. आता डिस्क राहिली बाजूला, कॉम्प्युटरच सुरू होत नाही. काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, हार्ड डिस्क सापडत नाही म्हणून. मी तीनदा उघडून तीनदा लावला.

तिला काहीही कळलेलं नाही. रोजच्यासारखी दुकानात येऊन काज-बटणं करते. लवकर लिही.

तुझी,
ताई

*

कामाची वसाहत,
९ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. दोन दिवस पंप दुरुस्त करतोय आणि प्रत्येक नट दोनदा आवळतोय. रजेचा अर्ज दिलाय. मुकादम म्हणाले, बदली माणूस महिनाअखेरीशिवाय मिळणार नाही.

आता कामाचं. घाबरू नकोस, तू काही मोडलेलं नाहीस. त्या रुंद पट्ट्यावर हार्ड डिस्क आणि ड्राइव्ह दोघंही लटकतात. त्यातलं थोरलं कोण आणि धाकटं कोण हे त्यांना सांगावं लागतं, नाही तर दोघंही एकदम बोलतात आणि कॉम्प्युटरला काहीच ऐकू येत नाही. ड्राइव्हच्या पाठीमागे पट्ट्याशेजारी बारीक पिनांच्या तीन जोड्या आहेत. एका जोडीवर तांदळाच्या दाण्याएवढी काळी प्लास्टिकची टोपी असते. ती मधल्या जोडीवर बसव, म्हणजे ड्राइव्ह धाकटा ठरेल आणि माझ्यासारखा गप्प बसून सांगितलेलं ऐकेल.

एक विचारतो, रागावू नकोस. नवा शर्ट हातात आला की तू त्याच्या टाचण्या, क्लिपा, कॉलरखालचं प्लास्टिक सगळं उपटून काढतेस आणि बटणांच्या डब्यात टाकतेस. ती टोपीसुद्धा तू पॅकिंग समजून काढली नाहीस ना? काढली असशील तर डबा पालथा कर. त्या टोपीत इवलासा पत्रा असतो, तिच्याजागी दुसरं काही चालणार नाही.

आईला जप. मला इथे झोप लागत नाही.

तुझा,
धाकटा

*

दुकान,
१३ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

काढली होती रे. माझ्याच हातांनी काढली. नखाने उपटली आणि आईच्या डब्यात टाकली, मला अजून आठवतंय. आज डबा चादरीवर पालथा केला. शर्टाची बटणं, हूक, टिचबटणं, तुझ्या शाळेच्या गणवेशाचं एक पितळी बटणसुद्धा निघालं. टोपी नाही. फरशी झाडली, केरातली चिंध्यांची पिशवी उसवली. मोडका ड्राइव्ह दुकानदारालाच दिला होता, म्हणून त्याच्याकडे गेले, तर त्याने आठवड्यापूर्वीच जुना माल भंगारात दिलाय.

सात दिवस उरलेत. माझ्या खोडीपायी आईचा हात जाणार की जीव, हेच डोक्यात फिरत राहतं. आई समोर बसून विचारत होती, काय हरवलं म्हणून. मी म्हटलं, एक बटण. ती खाली मान घालून काजं करत राहिली. हसलीसुद्धा नाही, ते मला जास्त लागलं.

मला फार भीती वाटतेय.

ताई

*

घर,
२१ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

आईचे अनेक आशीर्वाद. अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे.

टोपी माझ्याकडे होती. चाळीस वर्षं त्या डब्यात हात घालतेय, बटण नसलेली वस्तू मला बोटांना कळते. कशाची असेल म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. मग बारा तारखेला तुझं पत्र ताईच्या कापडाच्या गठ्ठ्याखाली सापडलं. वाचायला नको होतं, वाचलं. आणि टोपी चष्म्याच्या घरात लपवली.

का, ते सांगते. मी भ्याले. गाठीचं आणि हाताचं डॉक्टर ताईला दाराबाहेर सांगत होते, तेव्हाच मी आतून ऐकलं होतं. डिस्क उघडलीच नाही तर कुणाला काही ठरवता येणार नाही, आणि माझा हात माझ्याकडे राहील, असं वाटलं. चार दिवस मी मुद्दाम जास्त काजं केली. तुझी बहीण समोर बसून केर चाळत होती आणि मी बघत होते. आई म्हणवणाऱ्या बाईने असं करावं, याची मला लाज वाटते.

सोळाला तिने एका शर्टाला डावीकडची बटणं उजवीकडे लावली आणि तो तसाच गिऱ्हाइकाला दिला. ती रडलीसुद्धा नाही. तेव्हा मी चष्म्याचं घर उघडून तिच्यासमोर ठेवलं. ती माझ्यावर ओरडली, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून बसली. टोपी मीच मधल्या पिनांवर बसवली. तीनदा सुटली. कॉम्प्युटर सुरू झाला, डिस्क घरघरली आणि माझं आठ वर्षांपूर्वीचं डोकं पडद्यावर आलं.

ताईचा आता कशावरच विश्वास नाही, म्हणून काल तिने मला रिक्षात बसवून, आख्खा कॉम्प्युटर मांडीवर घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. मला विचारायची गरज पडली नाही, मला दिसलं. तेव्हा शर्टाच्या बटणाएवढी, आता कोटाच्या. ऑपरेशन तीस तारखेला ठरलंय. अजून वर्षभर थांबला असतात तर हातच काय, काहीच वाचलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. हाताचं वचन त्यांनी दिलं नाही.

तू मुकादमांशी भांड आणि ये. भीती गेलेली नाही, पण ती आता तिघांत आहे. या वेळी पत्र नेहमीपेक्षा लांब झालंय, ते मुद्दाम. जपून ठेव. पुढचं कदाचित ताईच्या अक्षरात येईल, पण सांगणारी मीच असेन.

तुझी,
आई