दुखायचं थांबलं

उदगीर, मंगळवार, संध्याकाळ

पोट दुखतं म्हणून आलेली गंगाबाई काल म्हणाली, "डॉक्टरसाब, दुखायचं थांबलं," आणि मी खूश झालो. अपेंडिक्स फुटलं की दुखणं थोडा वेळ थांबतं, हे मला ठाऊक नव्हतं का? सकाळी पोट लाकडासारखं कडक, अंगात ताप. तिला लातूरला पाठवायचं तर ते आता जिल्हा झालं म्हणून जवळ थोडंच आलंय! इथंच पोट उघडलं, पू काढला, सलाईननं धुतलं. आता ताप उतरतोय. पण ते 'थांबलं' कानातून जात नाही.

शुद्धीवर येताच तिनं पाणी मागितलं. म्हटलं, "अजून दोन दिवस नाही."

टाक्यांवर हात धरून ती हसली. "गावात टँकर न्हाई म्हणून न्हाई. इथं भरलेला माठ हाय, तरी न्हाई?"

मला हसता आलं नाही. काल मी तिच्या पोटाला हातसुद्धा लावला नव्हता. उद्या तिला सांगायलाच हवं.