लाईट गेली तरी

दि. १४ जुलै २०२५, सोमवार. संध्याकाळचे सव्वासात. हट्ट्यात लाईट गेली आहे. एका हाताने परीला वारा घालतो आहे, दुसऱ्याने लिहितो आहे.

आज नांदेडच्या दवाखान्यात सही करून आलो. परीच्या वेळी टेस्ट-ट्यूबने तयार केलेले आणखी तीन गर्भ तिथे गोठवून ठेवले होते. पुढेही ठेवायचे, संशोधनाला द्यायचे की संपू द्यायचे, एवढेच सांगायचे होते. एवढेच म्हणतो, पण महिनाभर नीट झोप नव्हती. बाळंतपणात सुनीता जेमतेम वाचली. दुसरे लेकरू नको, हे दोघांचे ठरलेले. मग फॉर्म पुन्हापुन्हा का वाचत बसलो?

सुनीता म्हणाली, "संशोधनाला द्या. एखाद्या बाईची तकलीफ तरी कमी व्हईल." आणि माझ्याआधी सही केली.

तिथली सिस्टर मला आवाजावरून ओळखते. इकडे लाईट गेली की मी तिला फोन करायचो, तिकडे आहे का म्हणून. दोन वर्षे. आज म्हणाली, "दादा, कितीदा सांगू, ते लाईटवर नाहीत, नायट्रोजनमध्ये आहेत." सुनीता जिना उतरेपर्यंत हसत होती.

मघाशी लाईट गेली तसा सवयीने मोबाइल उचलला.

"आता कुणाला फोन लावून राहिलात?" सुनीता म्हणाली. "लेकराला वारा घाला."

ठेवला. वाईट वाटेल असे वाटले होते. हलके वाटते आहे.

एसटी, माझे पूर्ण व तिचे अर्धे, जाऊन-येऊन २७०. चहा २०. परीचा फुगा १०. दवाखान्याचे देणे काही नाही.