पाण्यावरच्या हाकेला ओ

२ डिसेंबर
आले बाई एकदाची. वसमतहून एसटीनं जवळा बाजार, तिथून टमटम, मांडीवर कुणाचं तरी बोचकं आणि बोचक्यात जिवंत कोंबडी. अशा थाटात सिस्टर म्हणून उपकेंद्रात रुजू झाले. क्वार्टर नवं आहे आणि खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. आईला फोन करून सांगितलं, मला समुद्रकाठी पोस्टिंग मिळालंय. ती म्हणाली, जास्त शहाणपणा करू नको.

पाण्यापलीकडं तांडा आहे. तिकडचे पेशंट रतनसिंगच्या होडीतून येतात. आज त्यानं सुनेला आणलं होतं. पुजा, पहिलटकरीण, नववा लागलाय. बाळाचे ठोके ऐकवले तर म्हणते, हे तर सासऱ्याच्या होडीच्या इंजिनावानी वाजून राहिलं. लई गोड पोरगी. कळा सुरू झाल्या की सरळ निघून ये म्हटलं, मी आहे.

उपकेंद्रात मदतीला अनुसयाबाई आहेत. भाकरी वाढता वाढता त्यांनी बजावलं, धुई पडली आन् पाण्यावरून हाक आली तर ओ द्यायची न्हाई. पाठ करून बसायचं. म्हणे पूर्वी धुईत, म्हणजे दाट धुक्यात, लग्नाच्या वऱ्हाडाची होडी बुडाली, हाकेला ओ देऊन गेलेलेही परत आले नाहीत. ओ देणाऱ्याला पाण्यातलं ते ओळखून ठेवतं. मी हसून विचारलं, अन् खरंच कुणी बुडत असलं तर? त्या म्हणाल्या, धुईत आमचं कुणी होडी काढतच न्हाई. मग कोण बुडंल?

९ डिसेंबर
सकाळी अशी धुई की अंगणातला हातपंप दिसेना. चहाच्या टपरीवर होते, तेवढ्यात पाण्यावरून बाप्याची हाक आली. कुणी हाय का, होडीत पानी भरून राहिलं. टपरीवरची सगळी माणसं, कप हातात धरून, पाण्याकडं पाठ करून बसली. माझं डोकंच फिरलं. काठावर धावले, ओ दिली, थांबा म्हणून ओरडले, ११२ ला फोन केला. पोलीस आले, मासेमारीवाल्यांच्या होड्या आल्या. धुई विरली तर पाणी मोकळं. कुणाची होडी हरवलेली नाही. पोलीस बिचारे नोंद करून निघून गेले.

अनुसयाबाई रागावल्या नाहीत. आता तुमाला विचारत येईल, एवढंच म्हणाल्या.

१४ डिसेंबर
पुन्हा धुई, पुन्हा हाक. ह्या वेळी बाईची, आणि "सिस्टर" म्हणून. मी आधी रतनसिंगला फोन लावला. तो म्हणाला, होडी बांधलेली हाय, आमी सगळे चुलीपाशी बसलोय, काहून? काहून विचारतेय ते न सांगताच मी फोन ठेवला. हाक चालूच होती. तरी मी ओ दिली, पुन्हा ११२. पुन्हा काही नाही. संध्याकाळी आरोग्य केंद्राच्या डॉक्टर साहेबांनी फोनवर चांगलीच खरडपट्टी काढली. मला रडू आलं. खोटारडी ठरले ना मी.

१९ डिसेंबर
धुई. हाक. कानात कापूस घालून पाठ करून बसले. अनुसयाबाईंनी पाठीवरून हात फिरवला. टपरीवाल्यानं चहा पाठवून दिला. गावात आता मी त्यांच्यातली. भीती वाटते, पण शांत बसता येतं.

२३ डिसेंबर, दुपार
लिहिते. लिहिलंच पाहिजे.

सकाळी धुई होती, मी आणि अनुसयाबाई टपरीवर पाठ करून बसलो होतो. हाक पुजाची होती, हुबेहूब. सिस्टर, होडीत पानी येऊन राहिलं, ओ द्या, काठ कोणीकडं हाय ते कळंना. मी उठले. फोन क्वार्टरमध्ये चार्जिंगला होता, रतनसिंगला विचारते म्हटलं. अनुसयाबाईंनी मनगट धरलं. काहून स्वतःला तकलीफ करून घेता, ते आवाज काढतंय. मी बसले. चहा प्याले मी. ती हाका मारत होती, मग नुसती रडत होती, मग काही नाही.

ऊन पडलं तेव्हा उपडी होडी दिसली. काठापासून फार लांब नव्हती.

फोनवर रतनसिंगचे मिसकॉलच मिसकॉल. तो कसाबसा पोहत आला. कळा थांबेनात, धुईत काढू नये ती होडी त्यानं काढली. सिस्टर ओ देतील म्हणून. सुनेचा हात सुटला म्हणतो. मला शिव्या तरी द्यायच्या. काठावर बसून आहे, पाण्याकडं तोंड करून.

२४ डिसेंबर
पुजा सापडली नाही. मासेमारीवाले पाण्यात गळ टाकून शोधून राहिलेत. अनुसयाबाई जेवल्या नाहीत, मीही नाही. एका खोलीत बसतो.

२६ डिसेंबर
धुई.

पुजाची हाक. सिस्टर, लेकरू बाहेर येऊन राहिलं. हात द्या.

अनुसयाबाई दाराला पाठ लावून उभ्या. मान हलवतात. नको म्हणतात. पण त्या दिवशीही आम्ही हेच — त्या दिवशी ती जिवंत होती. मग आज ती नाही हे मी कुणाच्या सांगण्यावरून —

हाक जवळ आली. काठावर. हातपंपापाशी.

लेकरू रडतंय. खरंच रडतंय, अनुसयाबाईंनीही ऐकलं. त्या खाली बसल्या.

मी ओ दिली.

रडणं थांबलं. दार ढकललं गेलं. उंबऱ्यावरून पाणी आत येतंय, थंड. वही मांडीवर घेतली, मी वर बघणार नाही, लिहीत राहीन, नुसतं लिहीत —

पुजा अगदी हळू म्हणतेय, सिस्टर, याला जरा धरा, माझे हात ओले —