पोपटांवरचा पिस्ता रंग

११ ऑगस्ट
शी! समोरच्या सोनाराच्या माडीवर आज निळा चकचकीत पत्रा चढला. कमानी, कोरलेले खांब, रंगीत काचा, सगळं आत गाडलं. आणि आमचा दीपेश, धाकटा भाऊ, भर बाजारात उभा राहून कौतुक करतोय. "आपल्याकय असोच मारूया, ताई. टुरिस्टांक बरा दिसता."
बरं दिसतं म्हणे! बिस्किटाचा डबा दिसतो.

१२ ऑगस्ट
आमच्याकडे तरी काय उरलंय? माडीच्या छपराच्या कडेला पणजोबांनी बसवलेली लाकडी झालर, तिच्यावर कोरलेले पोपट. लहानपणी पीस न् पीस बोटाला लागायचं. पण मथुराकाकी दर गणेशचतुर्थीला ऑइलपेंट मारून घेते. जुनं खरवडायचं नाही, त्यावरच नवा हात. गुलाबी, आकाशी, आता पिस्ता. पोपटांची वांगी झालीत. मला त्या रंगाचा वाससुद्धा नको वाटतो. काकीला बोललं की ठरलेलं उत्तर — "चतुर्थीक रंग नाय, तर घर सुतकातला दिसता."

१५ ऑगस्ट
दीपेशशी कडाक्याचं भांडण. "नक्षी नक्षी करतस, खंय आसा ती? माका नुसतो रंग दिसता. चतुर्थीच्या आधी दाखय, मी पत्रो मारूचंय नाय."
दाखवतेच.

१८ ऑगस्ट
पावसाने उघडीप दिली. दीपेश पत्रे बघायला कणकवलीला गेला. मी शिडी लावली, हातात रंग खरवडायची पत्री घेतली आणि कडेच्या पोपटावर चालवली. पिस्ता निघाला, आकाशी निघाला. गुलाबीला पत्री लागली आणि अख्खा पोपटच हातात आला. हलका, करवंटीसारखा. आत लाकूड नव्हतंच. वाळवीची माती भुरभुर गळली.
दुसऱ्यावर टकटक केलं. पोकळ. तिसराही.
सागवान कधीच संपलंय. पोपट उभे आहेत ते काकीच्या रंगावर.

१९ ऑगस्ट
फुटलेला पोपट जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

२४ ऑगस्ट
पिस्ता रंगाचा डबा आज मीच आणला. दोन हात दिले, चांगले जाड. फुटलेल्या पोपटाच्या जागी आंब्याच्या पानांचा टाळ बांधला. खालून दीपेशने विचारलं, "काय गो, गावली नक्षी?"
"गावली," म्हटलं. "पिसांसकट शाबूत. पण काकी रंगाशिवाय ऐकता खंय?"