हेराक्लिओची मधली जागा

मी, ओफेलिया लुकुमी, सुतार आणि गायक कै. हेराक्लिओ बालांता यांची पत्नी, राहणार बार्रियो ओब्रेरो, काली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझी कशाबद्दलही तक्रार नाही.

१. राहते घर मुलगी यामिले हिला द्यावे.

२. नवऱ्याने स्वतः घडवलेले दोन लाकडी स्पीकरही तिलाच. मात्र ते भिंतीपासून दोन हात पुढे, तोंडे माझ्या खुर्चीकडे किंचित वळवून, आहेत तसेच राहतील. कोपऱ्यात ढकलून वर कुंड्या ठेवायचा तिचा बेत मला ठाऊक आहे. भिंतीला टेकवले की ढोल फुगतो आणि गाणारा त्याखाली बुजतो. जागेवर असले की हेराक्लिओ दोन्हींच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, उभा राहून गातो. कडव्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो.

३. त्याच्या गाण्यांची एकुलती एक तबकडीही यामिलेला. धाकटे दीर निकानोर यांनी ही मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची तबकडी आपल्या नाचघरात जन्मभर पंचेचाळीसच्या वेगावर पळवत वाजवली. आमच्या गावाला नाचायची घाई, हे कबूल. मीही त्यावर नाचले आहे. पण यामिले तान्ही असताना तिचा बाप गेला आणि मला तबकडी घरी लावायचा धीर होईना. पोरीला बाप ठाऊक झाला तो नाचघरातलाच. ती सात वर्षांची असताना मी तबकडी प्रथम घरी लावली, तर पोर म्हणाली, "आई, हे बाबा नाहीत. बाबांचा आवाज बारीक आहे."

मला रडू कोसळले. दिरांना जाऊन विचारले, "भावजी, माझा नवरा बोकड होता का?"

"वहिनी, सावकाश लावलं तर गिऱ्हाईक झोपेल," ते म्हणाले.

मग मी रोज संध्याकाळी लावत राहिले. हळूहळू पोर स्पीकरांसमोर स्टूल घेऊन बसू लागली, मधल्या रिकाम्या जागेला शाळेतल्या गोष्टी सांगू लागली. मी भरून पावले.

४. गाण्याबरोबर वाजवायची हेराक्लिओची लोखंडी घंटा दिरांची. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकीलबाई म्हणतात, म्हणून ती आजच त्यांच्या हातात दिली.

५. माझ्या अंत्यविधीला तबकडी आधी दिरांच्या वेगावर लावावी. सर्वांनी नाचावे. मग एकदा तिच्या स्वतःच्या वेगावर लावावी आणि तेव्हा माझी शवपेटी स्पीकरांच्या मधोमध ठेवावी. तिथे एक माणूस आधीच उभा आहे. त्याला सरकायला सांगू नये.

ओफेलिया लुकुमी (सही)
काली, १४ मार्च १९९८

साक्षीदार:
एदेल्मिरा ओर्दोन्येस, शेजारीण (सही)
निकानोर बालांता, दीर (सही). बोकडाचा उल्लेख काढावा असे म्हणाले. काढला नाही.