एक सरळ फोटो

१ जानेवारी, सकाळी ६
यंदाचा संकल्प पक्का. फोटोग्राफी. नुसते फोटो काढणं नव्हे, ते कुणीही काढतं. कम्पोझिशन! 'तिसरी नजर' या ऑनलाइन ग्रुपवर महिनाभर नवनवे चॅलेंज. कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांच्या हजेऱ्या मांडण्यात माझी नजर वाया चालली आहे, हे निदान मला तरी ठाऊक आहे.

३ जानेवारी
रूल ऑफ थर्ड्स. विषय मधोमध ठेवायचा नाही.
वडील, म्हणजे तात्या, कालच बारामतीच्या दवाखान्यातून घरी आले. डॉक्टरांनी सगळं पथ्य उठवलं. म्हणाले, मागतील ते खायला द्या. म्हणजे चांगलीच सुधारणा आहे. आई तेव्हापासून गप्प का, कळत नाही.
तात्यांना ओसरीत बसवून फ्रेमच्या कडेला घेतलं. अर्धा चेहरा बाहेर गेला, पण तोल काय साधलाय! आई म्हणाली, तोंड कुठं हाय ह्यात? त्यांचा एक सरळ फोटू काढ की, समोरनं. मी समजावलं, तसले फोटो आधार कार्डाला काढतात.

६ जानेवारी
फिल द फ्रेम. एकाच गोष्टीने सगळी चौकट भरायची. तात्यांचे हात. सुरकुत्या, त्यावर सलाइनचे निळे-काळे डाग. रंगसंगती अप्रतिम.
आईने पुन्हा फोटोचं काढलं. एवढी घाई कसली? उन्हाळ्यात तात्यांचं अंग जरा भरलं की काढू.

९ जानेवारी
नेगेटिव्ह स्पेस. भरपूर मोकळी जागा आणि एकच वस्तू. ओसरीतली तात्यांची प्लॅस्टिकची खुर्ची नजरेत भरली. अडचण एवढीच की तात्या तिच्यात बसले होते. त्यांना उठायला सांगितलं. माझे अँगल होईपर्यंत भिंतीला धरून उभे राहिले. शेवटी विचारलं, झालं का रं?
सुप्रियाने त्यांना आत नेलं. जेवताना माझ्याशी बोलली नाही. कलाकाराच्या बायकोने समजूतदार असावं.
ग्रुपवर फोटो गाजला. एकाने लिहिलं, 'गेलेल्या माणसाची जाणीव होते.' बरं वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत
आईने तात्यांना इस्त्रीचा सदरा, टोपी घालून ओसरीत बसवलं. म्हणाली, आता तरी काढ. पण भर दुपारचं ऊन! डोळ्यांखाली सावल्या. त्यात मागे पाण्याची काळी टाकी. अशा बॅकग्राउंडवर माझं बोट शटरला धजत नाही. संध्याकाळच्या सोनेरी उजेडात काढू म्हटलं. संध्याकाळी तात्या झोपले, ते उठलेच नाहीत जेवायलाही. रविवारी नक्की. शपथ.

१९ जानेवारी, रविवार, पहाटे
लीडिंग लाइन्स. नजरेला आत ओढून नेणाऱ्या रेषा. ग्रुपची भिगवणला ट्रिप, उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो. चारपर्यंत परत, मग तात्या. आई एवढंच म्हणाली, जा बाबा.

संध्याकाळी ७
नाव चिखलात रुतली. फ्लेमिंगो उडाले. काठावरची बांबूंची रांग तेवढी मिळाली. घरी येईतो उजेड गेला. सुप्रिया म्हणाली, तात्या टोपी घालून वाट बघत होते. ठीक आहे, उद्या.

२० जानेवारी
सिल्हूट. उजेड मागे, पुढे नुसती काळी आकृती. तात्यांना बसवेना, म्हणून सुप्रियाने मागून धरलं. ती फ्रेममध्ये आली. तिला वाकायला सांगितलं. तात्या पूर्ण काळे आले. परफेक्ट.

२३ जानेवारी
पहाटे तात्या गेले.

२४ जानेवारी
श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा. रुबाबात कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन शिवमच्या फ्लेक्सच्या दुकानात गेलो. कान, हात, पाठ, सावली, खुर्ची. शिवम बराच वेळ माउस फिरवत होता. म्हणाला, दादा, ह्यात तात्या कुठं हायेत?
मी म्हटलं, नीट बघ. मग मीच नीट बघितलं.

१ फेब्रुवारी, तात्यांचा दहावा
फ्लेक्सवर आणि हाराखाली एकच फोटो. आईच्या मोबाइलमधला. मी भिगवणला होतो त्या दुपारी तिने काढलेला. फ्रेम तिरकी. कोपऱ्यात तिचं बोट. मागे टाकी. तात्या अगदी मधोमध, टोपी घालून, समोर बघत हसतायत. असे हसायचे ते. मी विसरलो होतो. पाहुण्यांदेखत रडू आलं.
गेणबामामा म्हणाले, फोटू लई झ्याक आलाय, कुणी काढला?
मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, आमच्या पोरानं. त्याला लई नाद हाय फोटूचा.
मी नाही म्हणालो नाही.